उणे एक

तू समुद्रात, तेलाच्या फलाटावर, अकराव्या दिवशी.
मी मुसफ्फाच्या शाबियात, दहा नंबरला, चौथ्या मजल्यावर.
आणि आपल्या दोघांचा लॅपटॉप म्हणतो:
असं पार्टिशन नाही.

नाही म्हणजे?
काल संध्याकाळपर्यंत होतं. त्यात माझी
सहावीच्या भूगोलाची मुद्रितं आहेत,
सांगलीला उद्या नऊला हवीत,
म्हणजे आपल्या साडेसातला.

काल तुझा परमिटचा फॉर्म भरायला
तुझ्या बाजूला गेले होते, जयवंत.
विंडोज म्हणालं, अपडेट करतोय, बंद करू नका.
नाही केलं. भाकऱ्या टाकल्या.
तेवढ्यात त्याने स्वतःसाठी एक कोनाडा काढला
आणि पुढच्या सगळ्या खोल्यांचे नंबर बदलले.

आता काळा पडदा. ग्रब रेस्क्यू,
पुढे लुकलुकणारी रेघ.
माऊस चालत नाही.
मदत असं लिहिलं, तर तो शब्द त्याला माहीत नाही.

वरच्या शिजूचा नोएल येऊन बघून गेला:
आंटी, फॉर्मॅट मारो.
सोळा वर्षांचा आहे,
त्याच्याकडे अजून पुसण्यासारखं काही नाही.

एलएस लिहिलं. यंत्राने खोल्या मोजून दाखवल्या,
शेवटच्या पासून पहिल्यापर्यंत, उलट.
तिसरीत डोकावले: अनोळखी.
चौथी: अनोळखी.
पाचवी, सहावी.
आपला नातूर नवा होता तेव्हा असाच फिरला होता
तुझ्या बुटांचं पार्सल घेऊन, लिफ्ट बंद,
प्रत्येक दारावर एकच नाव चुकीचं उच्चारत.

सातवी.
सगळ्यात आधी हरवलं-सापडलं नावाची फाइलपेटी,
ती रिकामीच असते नेहमी.
मग बूट. मग होम.
मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले.

रूट सात. प्रीफिक्स सात.
मग एक मॉड्यूल आत घ्यायचं, त्याचं नाव नॉर्मल,
आणि ते आलं की पुन्हा नुसतं नॉर्मल लिहून एंटर.
एवढंच. मला हसू आलं, एकटीला, रात्री दोनला.
तुझ्या बाजूच्या घड्याळात तेव्हा दहा वाजले असणार.
ते दोघं एकाच बॅटरीवरून वेळ वाचतात
आणि चार तासांनी भांडतात. त्यात मी पडत नाही.

ग्रब नव्याने बसवला. मेनू नव्याने लिहायला लावला.
पहिली ओळ माझी. दुसरी:
विंडोज सापडलं.
शोध म्हणून मी सांगितलं नव्हतं.

मग ती फाइल उघडली, जिथे सगळ्या सवयी लिहिलेल्या असतात.
थांबण्याची वेळ: शून्य.
आपोआप उघडायचं: विंडोज.
आणि वर, हॅशच्या आड, म्हणजे यंत्राने न वाचण्याची ओळ,
माझीच, दोन वर्षांपूर्वीची:
जयवंतला घाई असते.

म्हणजे तू नव्हतं केलंस.
दोन वर्षं मी माझ्याच बाजूला जायला
एस्केप दाबून धरत होते, बोट पांढरं पडेस्तोवर,
चुकलं की पुन्हा बंद, पुन्हा चालू,
आणि मनात तुझ्या नावाने खडे फोडत होते.

दहा लिहिलं. खोडलं. तीस लिहिलं.
मग आठवलं, उणे एकसुद्धा चालतं.
शून्य म्हणजे विचारूच नको.
उणे एक म्हणजे कुणी बोट लावेपर्यंत
कितीही वेळ थांब.

सतरा दिवसांनी तू येशील, बॅग दारातच टाकशील,
लॅपटॉप लावशील आणि ओरडशील,
हे अडकलंय का गं?
अडकलेलं नाही. एक बाण दाब, खाली किंवा वर.

खिडकीच्या काचेला बाहेरून घाम सुटलाय.
फजरच्या अजानला अजून अवकाश आहे.
हॅशची ती ओळ तशीच ठेवली, घाई तर तुला असतेच.

पान बेचाळीस.
"तेलवाहू जहाजे पर्शियन आघातातून बाहेर पडतात."
घ खाली रेघ मारली, समासात ख लिहिला.
त्रेचाळीस.